हत्ती गेला, शेपूट अडकलं

पत्र नाशिकहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ छत्तिशीचे, बँकेत नोकरीला, घरी पत्नी आणि सहावीतला मुलगा. रात्री घर निजलं की जुन्या लॅपटॉपवर ते ‘एफटीएल : फास्टर दॅन लाइट’ हा गेम खेळतात. एक लहानसं अंतराळयान, त्यात मूठभर माणसं, मागे लागलेला बंडखोरांचा ताफा आणि सात सेक्टर ओलांडून आठव्यात असलेल्या आपल्या बाजूच्या तळापर्यंत पोचायचं, असा हा खेळ. ‘इतकी वर्षं गेम खेळतोय, पण इतका कशातच रमलो नव्हतो,’ असं ते म्हणतात. यानातल्या माणसांना आपल्या मर्जीची नावं देता येतात, म्हणून मुलाने घरच्यांचीच दिली आहेत. मामा यान चालवतात, आजी ढाल सांभाळते, बाबा तोफांवर असतात.

घोडं पेंड खातं ते आठव्या सेक्टरमध्ये. तिथे बंडखोरांचं मुख्य जहाज, फ्लॅगशिप, म्हणजे खेळातला शेवटचा मोठा शत्रू, ‘बॉस’, एकामागून एक तीन टप्प्यांत हरवावा लागतो. पहिला टप्पा कसाबसा निघतो, दुसऱ्यात ड्रोनचं मोहोळ उठतं, तिसऱ्यापर्यंत मजल गेलीच तर तिथे सगळं संपतं. यान फुटलं की सेव्ह पुसली जाते आणि पुन्हा पहिल्या सेक्टरपासून सुरुवात. ‘दोनेक तास मस्त जातात आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं मातीत. पूर्ण रन वाया. बाकीचा गेम एकाने बनवला आणि बॉस दुसऱ्याच कुणीतरी, असं वाटतं.’ ऑफिसातला एक तरुण सहकारी म्हणतो, ‘सर, नॉर्मलवर जिंकला नाहीत म्हणजे तुम्ही गेम खेळलातच नाही. इझी पोरांसाठी असतं.’ आणि पत्नी विचारते, ‘एवढी चिडचिड होते तर खेळतोस कशाला?’ याचं उत्तर त्यांना देता आलं नाही. त्यांना विचारायचं आहे ते असं: हा बॉस खरंच अन्याय्य आहे की मीच ढ आहे? इझीवर उतरू का? की सरळ सोडून देऊ?

प्रिय कप्तान,

पत्राखाली तुम्ही ‘हरलेला कप्तान’ अशी सही केली आहे. त्यातला पहिला शब्द मी तूर्त बाजूला ठेवते.

‘बॉस अन्याय्य की मी ढ’ या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही न विचारताच धरून चालला आहात, ती म्हणजे तुम्ही हरता ते त्या शेवटच्या दहा मिनिटांत. मला तसं वाटत नाही. तुम्ही शेवटच्या रनमधल्या सामानाची जी यादी पाठवलीत ती समोर घेऊन बसले, तेव्हा ही हार मला पाचव्या सेक्टरच्या दुकानातच झालेली दिसली. त्या यादीकडे येतेच. पण आधी तुमच्या तक्रारीचं माप तिच्या पदरात टाकायला हवं, कारण ती काही बिनबुडाची नाही.

एफटीएल 2012 साली आला. बनवणारे मॅथ्यू डेव्हिस आणि जस्टिन मा असे दोघंच. किकस्टार्टरवर त्यांनी 10,000 डॉलर मागितले आणि लोकांनी दोन लाखांवर दिले, इतकी ही कल्पना लोकांना आवडली. आणि पहिले सात सेक्टर खेळताना ती का आवडली हे कळतं. गेम तुम्हाला मोकळं रान देतो. कुणी ड्रोनवर भिस्त ठेवतो, कुणी शत्रूच्या जहाजावर माणसं उतरवून ते आतून रिकामं करतो, कुणी आगी लावत सुटतो, कुणी नको ती लढाई टाळून सरळ पळ काढतो. सगळं खपतं. मग आठव्यात असं जहाज समोर येतं की यातल्या निम्म्या युक्त्या लंगड्या पडतात. पळून भागत नाही, कारण ते जहाज आपल्या तळाकडे सरकत असतं आणि तिथे पोचून ठाण मांडलं की खेळ खलास. त्यातली सगळी माणसं मारली तर ताबा संगणक घेतो आणि जहाज आपली आपण डागडुजी करायला लागतं. वर्षभर ‘वाचा हवं ते’ म्हणणाऱ्या मास्तरांनी वार्षिक परीक्षेत एकाच धड्यावर सगळे प्रश्न काढावेत, तसा हा प्रकार आहे. ही तक्रार तुमच्या एकट्याची नाही. हा गेम जीव टाकून खेळणारेही ती करतात, मीसुद्धा करते.

याहून मोठी खोट माझ्या मते वेगळी आहे. या लढाईची तालीम करायची सोयच नाही. वाटेतला कुठलाही शत्रू पुन्हा पुन्हा भेटतो, त्याची खोड तुमच्या अंगवळणी पडते. फ्लॅगशिप मात्र दोन तासांनी एकदा भेटणार, दहा मिनिटं भेटणार आणि त्यात तुम्ही घाबरलेले असणार. एखादी गोष्ट शिकायला इतका महाग क्लास लावावा लागला तर माणूस वैतागणारच. तेव्हा ‘ढ’ हा शब्द काढून टाका. वयाचाही त्यात काही संबंध नाही. हा गेम स्पेसबार दाबून हवा तेव्हा थांबवता येतो, थांबवलेल्या अवस्थेत सगळे हुकूम देता येतात, बोटांच्या चपळाईला इथे कुणी विचारत नाही.

आता ती यादी. केस्ट्रेल हे सुरुवातीचंच यान. त्यावर मूळचीच तीन गोळ्यांची बर्स्ट लेझर, मूळचंच आर्टेमिस मिसाइल आणि वाटेत मिळालेला एक छोटा बीम, म्हणजे किरण सोडणारी तोफ. ढालीचे तीन थर. इंजिन मात्र भरघोस वाढवलेलं. माणसं शत्रूच्या जहाजावर उतरवणारा टेलिपोर्टर नाही, यान थोडा वेळ अदृश्य करणारं क्लोकिंग नाही, ‘महाग वाटलं म्हणून घेतलं नाही’. आणि फ्लॅगशिपसमोर उभं राहिलात तेव्हा हातात खर्च न केलेलं 90 स्क्रॅप, म्हणजे या खेळातला पैसा.

हिशेब मांडू. फ्लॅगशिपला पहिल्या टप्प्यात ढालीचे चार थर असतात. लेझरची एक गोळी एक थर उतरवते. तुमच्या तीन गोळ्या तीन थर उतरवतात, तेही एकही नेम चुकला नाही तर. चौथा थर तसाच. तोफ पुन्हा भरायला 12 सेकंद लागतात, तेवढ्यात उतरलेले थर परत चढलेले असतात. छोट्या बीमला एक थर आडवा आला तरी तो संपला. म्हणजे तुमच्या तीन हत्यारांपैकी दोन हत्यारं त्या जहाजाला आपल्या बळावर अनंतकाळ ओरखडाही काढू शकत नव्हती. राहिलं आर्टेमिस. ते ढाल भेदून जातं, पण एका वेळी दोनच नुकसान करतं आणि मिसाइलं मोजकी. तीन टप्पे त्यावर निघणार कसे? कधीतरी पहिला टप्पा निघतो, याचंच मला कौतुक वाटतं.

हे तुमच्या लक्षात का आलं नाही, तेही उघड आहे. पाचव्या सेक्टरपर्यंत समोरच्यांना दोन थर असायचे. तुमची तिसरी गोळी आत जायची, बीम वेळेवर लागला की खोल्या कापत जायचा, सगळं झकास चाललेलं. हत्यारं अपुरी पडताहेत हे सांगणारं काहीच घडत नव्हतं. जिंकत असताना कुणी तोफ बदलत नाही. म्हणून सवय एकच लावून घ्या. चौथ्या-पाचव्या सेक्टरच्या आसपास, सगळं सुरळीत चाललेलं असताना, गेम थांबवा आणि स्वतःला विचारा: समोर आत्ता चार थर असते तर माझ्या किती गोळ्या आत गेल्या असत्या? उत्तर शून्य आलं तर इंजिनावर पुढचा पैसा घालू नका. एका दमात सहा-सात गोळ्या सुटतील अशी जोडणी हवी. दुसरी बर्स्ट लेझर मिळाली तर देव पावला. फ्लॅकही चालेल, तोही तीन तुकडे फेकतो. नको असलेली हत्यारं दुकानात निम्म्या किमतीला विकून टाका, ती जपून ठेवण्यात काही अर्थ नाही. आणि 90 स्क्रॅप खिशात ठेवून मरायचं नाही, एवढं तर मी तुम्हाला बजावूनच सांगते. आठव्या सेक्टरनंतर दुकान नसतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, ‘ऑटोफायर लावून ठेवतो, म्हणजे दुरुस्तीकडे बघता येतं.’ ते बंद करा. ऑटोफायरमध्ये ज्या तोफेची वेळ होईल ती एकटीच सुटते, चार थरांवर जाऊन आपटते आणि थर पुन्हा भरतात. दोन्ही तोफा भरेपर्यंत थांबायचं, मग एकाच वेळी सोडायच्या. बीम असेल तर तो सगळ्यांत शेवटी, ढाल उतरली रे उतरली की. हे जमलं की त्याच हत्यारांत तुम्हाला वेगळंच यान मिळाल्यासारखं वाटेल.

टेलिपोर्टरला तुम्ही महाग म्हणालात. तिथे माझं मत उलट आहे. फ्लॅगशिपच्या चार मोठ्या तोफा चार वेगवेगळ्या खोल्यांत असतात आणि तुम्ही खेळता त्या नॉर्मलवर त्या खोल्यांना उरलेल्या जहाजाशी जोडणारं दारच नाही. प्रत्येक खोलीत एकच माणूस. नकाशाकडे दोन मिनिटं टक लावून पाहा, म्हणजे त्यातली मेख कळेल. मिसाइलच्या खोलीत आपली दोन दांडगी माणसं उतरवली की तिथला गोलंदाज एकटा सापडतो, मदतीला कुणी येऊच शकत नाही. तो गेला, तोफ मोडली, की ती दुरुस्त करायला कुणी उरत नाही. पुढच्या टप्प्यात तोफ पुन्हा धड झालेली दिसेल, पण मेलेला माणूस परत येत नाही, त्यामुळे ती पुन्हा मोडली की मोडलीच. तुमचं यान सगळ्यांत जास्त ज्यामुळे फुटतं ती तीन मिसाइलं अशी गप्प करता येतात. पहिल्या टप्प्यात जमेल तेवढी माणसं टिपून घेतलीत तर तिसऱ्यात तुमच्या यानावर चाल करून यायलाही त्यांच्याकडे कुणी राहत नाही. फक्त एकाला जिवंत सोडा. लेझरच्या खोलीतला तो एकटा बसू दे बिचारा, म्हणजे संगणक ताबा घेणार नाही. आणि टप्पा संपत आला की आपली माणसं आधी परत बोलवा.

या कामाला मँटिस जातीची माणसं उत्तम. वाटेत एखादा मँटिस नोकरीला मिळाला तर त्याला नाव देताना मुलाला सांगा, घरातला सगळ्यांत भांडखोर नातेवाईक निवड.

टेलिपोर्टर नको असेल तर क्लोकिंग घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात मधूनमधून ‘पॉवर सर्ज’ची सूचना येते आणि मग तो ड्रोनचा किंवा लेझरचा मारा सुटतो. तुम्हाला तो अचानक आलेला वाटतो, पण सूचना आधी येते. ती दिसली की थांबवा, श्वास घ्या, लेझर सुटताना क्लोक लावा. क्लोक लागला की गोळ्या चुकवण्याची शक्यता 60 टक्क्यांनी वाढते आणि तेवढा वेळ शत्रूच्या तोफाही भरत नाहीत. दोन्ही घ्यायला पैसा पुरेलच असं नाही, एक तरी हवंच. मिसाइलं अडवणारा डिफेन्स ड्रोन हाही एक मार्ग आहे, त्यासाठी ड्रोनची यंत्रणा लागते, तुमच्या खेळण्याच्या पद्धतीला तो कितपत रुचेल मला शंका आहे.

आणि आठव्या सेक्टरच्या नकाशावर दुरुस्तीची ठाणी दाखवलेली असतात. टप्प्याटप्प्याच्या मधे तिथे जा. तुम्ही दर वेळी थेट फ्लॅगशिपच्या मागे धावता असं पत्रावरून वाटलं. धावायची गरज आहे, पण इतकी नाही.

इतकं सगळं केलं तर जिंकाल का? शक्यता पुष्कळ वाढेल. हमी नाही. दुकानात काय येईल हे नशिबावर आहे, आणि एखाद्या रनमध्ये काही केल्या दुसरी तोफ मिळतच नाही. म्हणूनच तुमच्या पत्रातल्या ज्या शब्दाशी मला खरं भांडायचं आहे तो ‘वाया’.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. बॉसबद्दल त्यात सहा ओळी आहेत. सहाव्या सेक्टरमध्ये इंजिनरूमला लागलेल्या आगीबद्दल दीड पान. आग पसरत होती, विझवायला माणूस मोकळा नव्हता, मग तुम्ही बाहेरची दारं उघडून खोलीतली हवाच सोडून दिलीत. आग हवेवाचून गुदमरली. पण मामा आतच अडकले होते आणि त्यांची आयुष्याची पट्टी लाल होत चालली होती. मुलगा खुर्चीवर उभा राहून ‘मामांना काढा, मामांना काढा’ ओरडत होता, आणि मामा मेडबेमध्ये, म्हणजे यानातल्या उपचाराच्या खोलीत, पोचले तेव्हा पट्टीचा एक शेवटचा कण उरला होता. हे तुम्ही ज्या तपशिलाने लिहिलंय, ते वाचून मलाही धाप लागली. ती रन तुम्ही हरलात. पत्रातला हिशेब बघता ती वाया गेलेल्या रनमध्ये जमा आहे. मला तो हिशेबच चुकलेला वाटतो.

या जातीच्या खेळांचा मूळपुरुष 1980 च्या सुमाराचा ‘रोग’. त्यात शेवटचा बॉस नव्हताच. तळघरांच्या अगदी खालच्या थरातून येंडोरचा ताईत आणायचा आणि तो घेऊन जिवंत वर यायचं. ते भल्याभल्यांना जमलं नाही, वाटेत मरणं हाच नेहमीचा शेवट होता, आणि तरी लोक रात्र रात्र खेळले. या प्रकारात मरण हे शिक्षा म्हणून येत नाही, ते एका डावाचं टोक असतं. एफटीएलने मात्र या जुन्या साच्याला सिनेमासारखा कळस जोडला. खलनायकाचं जहाज, अंतिम लढाई, विजयाचं संगीत. कळस जोडला की प्रेक्षकाला वाटणारच, कळसापर्यंत पोचलो नाही तर सिनेमा अर्धवट राहिला. तुमची चिडचिड तिथून येते, आणि त्यात तुमच्याइतकाच गेमच्या बांधणीचाही हात आहे.

बनवणाऱ्यांनाही हे कुठेतरी टोचलं असावं, असा माझा आपला अंदाज. 2014 साली त्यांनी ॲडव्हान्स्ड एडिशन फुकट दिली, त्यात हॅकिंग आलं, माइंड कंट्रोल आलं, फ्लॅक आला, फ्लॅगशिप मात्र आपल्या जागी राहिलं. पण 2018 च्या त्यांच्या पुढच्या गेममध्ये, ‘इन्टू द ब्रीच’मध्ये, शेवटच्या लढाईला कधी जायचं हे खेळणाऱ्यावर सोपवलं आहे. दोन बेटं झाल्यावर जा, तीन झाल्यावर जा, नाहीतर चारही करून जा, लढाई त्या मापाने बेतलेली मिळते. ज्यांना एफटीएलचं आठवं सेक्टर सोसत नाही पण तसाच डोकं लावायचा खेळ हवा आहे, त्यांनी तो जरूर पाहावा. ‘स्ले द स्पायर’ या दुसऱ्या कुणाच्या गेममध्ये तिसरा अंक जिंकलात की जिंकलात, त्यापुढचा ‘हार्ट’ नावाचा बॉस हौशी लोकांसाठी, तेही तीन किल्ल्या गोळा केल्या तरच. ‘हेडीझ’मध्ये गॉड मोड आहे, तो लावला की आधी 20 टक्के मार कमी बसतो आणि दर मरणागणिक आणखी दोन टक्के कमी होत जातो, 80 पर्यंत. हे सगळं सांगण्याचं कारण, शेवट किती कठीण असावा याचं एकच बरोबर उत्तर बनवणाऱ्यांकडेसुद्धा नाही. मग तुमच्या त्या सहकाऱ्याकडे कुठून आलं?

आता त्याच्याविषयी. 2012 मध्ये गेम आला तेव्हा त्यात इझी आणि नॉर्मल एवढ्याच पातळ्या होत्या. हार्ड दोन वर्षांनी आली. म्हणजे इझी ही काही नंतर कुणाच्या रडण्यामुळे चिकटवलेली पायरी नाही, बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवलेला तो एक दरवाजा आहे. तिथे स्क्रॅप जास्त मिळतं, शत्रू जरा नरमाईने वागतात, बाकी आग तीच आणि मामा तेच. तालीम नाही अशी तक्रार मी वर केली, तिच्यावर इझी हाच सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. इझीवर आठव्या सेक्टरपर्यंत बऱ्याचदा पोचाल, फ्लॅगशिप बऱ्याचदा दिसेल, सर्जची लय कानात बसेल. मग नॉर्मलवर परत या, किंवा येऊ नका. तुम्ही कुठल्या पातळीवर खेळता हे ऑफिसात जाहीर करायला पाहिजे असा नियम नाही. तरी विचारलंच त्याने, तर टेलिपोर्टरने मिसाइलची खोली कशी रिकामी करायची ते त्याला समजावून सांगा. त्याला ठाऊक असेल तर दोघांना गप्पांना विषय मिळाला. नसेल तर तो पुन्हा विचारणार नाही.

काही वाचक लिहितात की आम्ही सेव्ह फाइल कॉपी करून ठेवतो आणि बॉसशी हरलो की ती परत टाकतो, ही लबाडी झाली का? एकट्याने खेळायच्या गेममध्ये तुम्ही फसवणार कुणाला? आठव्या सेक्टरच्या सुरुवातीची फाइल ठेवून ती लढाई पाच-सात वेळा लढून पाहण्यात मला काहीच गैर दिसत नाही. प्रत्येक सेक्टरमध्ये हेच करू लागलात तर मात्र आगीच्या वेळी छातीत जे धडधडलं ते धडधडणार नाही. तेवढं राखून काय ते ठरवा. व्हिडिओ पाहण्याबद्दलही माझं हेच म्हणणं. फ्लॅगशिपची लढाई कुणा जाणकाराची खुशाल पाहा, पण पूर्ण रनचे व्हिडिओ पाहून त्याच्या निवडींची नक्कल करायला लागू नका, त्यात तुमची मजाच जाईल.

रात्रीचं बोलू. तुम्ही लिहिलंय की हरल्यावर झोप लागत नाही आणि सकाळी डबा भरताना मुलावर ओरडलात. त्या बिचाऱ्याने तर मामांना वाचवायला मदत केली होती. फ्लॅगशिपशी तुमची गाठ पडते ती साधारण साडेअकरा-बाराला, दिवसभर काउंटर सांभाळून आणि दोन तास स्क्रीनकडे बघून झाल्यावर. त्या वेळी कुणाचंही डोकं चार थरांचा हिशेब करत नाही. एफटीएलमध्ये मधेच सेव्ह करून बाहेर पडता येतं, रन तिथेच थांबून राहते. तेव्हा रात्री सातवं सेक्टर संपवून लॅपटॉप बंद करा. आठवं शनिवारी दुपारी, मुलाला शेजारी बसवून. सर्जची सूचना ओरडून सांगायचं काम त्याला द्या, त्या वयाची मुलं अशा कामात चुकत नाहीत.

आणि सोडून द्यायचं का? द्यायचं असेल तर द्या, त्यात कमीपणा नाही. पण एक कसोटी लावा. पुढच्या दोन-चार रनमध्ये पहिल्या सेक्टरपासूनच तुमच्या मनात फ्लॅगशिप बसलेलं असेल, वाटेतली दुकानं, आगी, नव्याने भेटणारी माणसं नुसती अडथळ्यासारखी वाटत असतील, तर गेम काही महिने बाजूला ठेवा. तसं होत नसेल, सहाव्या सेक्टरमध्ये अजूनही धाप लागत असेल, तर बॉस हरला नाही म्हणून बाकीचं टाकून देऊ नका. स्वतःपुरती जिंकण्याची दुसरी व्याख्याही करता येते. मुलाने नावं दिलेली सगळी माणसं जिवंत घेऊन आठव्या सेक्टरच्या पहिल्या दुरुस्तीच्या ठाण्यावर पोचलात, की त्या रात्रीपुरते जिंकलात, असं दोघांनी मिळून ठरवून टाका. फ्लॅगशिप मग बोनस.

पत्नीच्या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्या वतीने देणार नाही. तुम्ही तिला ते आगीचं दीड पान वाचून दाखवा. मला वाटतं तिने तुम्हाला फक्त हरतानाच पाहिलं आहे.

शनिवारी बसण्याआधी या वेळी हातात उरलेलं स्क्रॅप कुठे घालायचं ते ठरवून ठेवा. ढालीचा चौथा थर आवाक्यात असेल तर आधी तो, आणि त्याला लागणारी वीज रिॲक्टरमध्ये आहे का ते पैसे देण्यापूर्वी बघा. एका थराला दोन पट्ट्या, म्हणजे चार थरांना आठ. वीज कमी पडली तर ऑक्सिजनची थोडा वेळ काढून ढालीला देता येते, यानातली हवा लगेच संपत नाही. मेडबेची मात्र माणसं आत असताना काढू नका.